अहमदीच्या उन्हात कपॅसिटरचे आयुष्य

सर्किट बोर्डावर बसवलेल्या शेकडो भागांपैकी बहुतेक भाग, त्यांच्यावर मर्यादेबाहेर ताण आला नाही तर, यंत्र भंगारात जाईपर्यंत टिकतात. मात्र ज्याचे आयुष्य कारखान्यातून बाहेर पडतानाच तासांच्या हिशेबाने सांगितलेले असते असा भाग त्यांत प्रामुख्याने एकच असतो, आणि तो म्हणजे अॅल्युमिनियमचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. हे तास एका ठरावीक तापमानाला धरून दिलेले असतात, तापमान वाढले की ते घटतात आणि उतरले की वाढतात, त्यामुळे एकाच कंपनीचा, एकाच खोक्यातून निघालेला कपॅसिटर महाबळेश्वरात आणि कुवेतमध्ये सारखा टिकत नाही. बोर्डावरचा कपॅसिटर बदलणे हे सहसा हाताचे कौशल्य म्हणून शिकवले जाते, आणि सोल्डरिंगचा सराव असलेल्या माणसाला ते काम अर्ध्या तासात जमतेही. जुना भाग कशाने संपला आणि नवा किती काळ टिकेल, हा हिशेब मात्र बहुतेक दुरुस्त्यांत कोणी मांडत नाही, आणि त्यामुळेच दुरुस्त केलेले यंत्र वर्षभरात पुन्हा टेबलावर येते.

हा हिशेब समजून घेण्यासाठी कुवेतमधील अहमदीइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. कुवेत ऑइल कंपनीची स्थापना १९३४ साली झाली, १९३८ साली बुरगान येथे तेल लागले, महायुद्धामुळे थांबलेले काम पुन्हा सुरू होऊन ३० जून १९४६ रोजी तेलाची पहिली निर्यात झाली, आणि त्याच सुमारास कंपनीने वाळवंटातील एका उंचवट्यावर आपल्या नोकरवर्गासाठी गाव वसवले, ज्याला तत्कालीन अमीर शेख अहमद अल-जाबेर अल-सबाह यांचे नाव मिळाले. उंचवट्यावरील टाक्यांमधले तेल केवळ उताराच्या जोरावर समुद्रकाठच्या बंदरापर्यंत वाहत जाई. गावाचा आराखडा करणारे वास्तुविशारद जेम्स मॉलिसन विल्सन हे नवी दिल्लीच्या उभारणीत लट्यन्स यांचे सहायक होते, आणि घरांची वाटणीही दिल्लीच्या सिव्हिल लाइन्सची आठवण व्हावी अशीच झाली: उत्तरेला ब्रिटिश व अमेरिकन अधिकारी, मध्यभागी भारतीय व पाकिस्तानी कारकून आणि कारागीर, दक्षिणेला अरब कामगार. आज अहमदी हे एका गावाचे आणि एका प्रांताचेही नाव आहे. फहाहील, मंगफ, महबूला, अबू हलीफा ही भारतीयांची दाट वस्ती असलेली गावे याच प्रांतात येतात, आणि तेलक्षेत्र, रिफायनरी, वीज व वातानुकूलन या कामांत असलेली मराठी माणसेही याच पट्ट्यात राहतात.

येथील उन्हाळ्याची कल्पना एका आकड्यावरून येते. २१ जुलै २०१६ रोजी कुवेतच्या वायव्य वाळवंटातील मित्रिबा येथे ५३.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने तपासणीअंती २०१९ साली ते मान्य केले. अहमदी मित्रिबापासून दूर, समुद्राच्या जवळ आहे, तरी जुलैतील दुपारी ४६–४७ अंश ही येथे नित्याची गोष्ट असते, शिवाय हे सावलीतील तापमान होय. गच्चीवर उन्हात उभ्या असलेल्या वातानुकूलन यंत्राच्या पत्र्याच्या पेटीत, जेथे कंप्रेसरची आणि बोर्डाची स्वतःची उष्णताही साठते, ते याहून पुष्कळ जास्त असते. कुवेती नागरिकांच्या घरांना १९६६ पासून युनिटला अवघ्या २ फिल्स दराने वीज मिळत आली असल्यामुळे यंत्र बंद करून बचत करण्याचा विचारही फारसा रुजलेला नाही. म्हणजे कपॅसिटरला तापमानही जास्त आणि चालण्याचे तासही जास्त, असा दुहेरी भार येथे पडतो.

कपॅसिटर म्हणजे मुळात एकमेकांसमोर ठेवलेले दोन वाहक पत्रे आणि त्यांच्यामधला विद्युतरोधक थर. पत्र्यांना व्होल्टेज दिले की त्यांवर विद्युतभार साठतो, आणि दर व्होल्टमागे किती भार साठतो त्याला धारिता म्हणतात. तिचे एकक फॅरड हे मायकेल फॅरडे यांच्या नावावरून पडले असले तरी ते इतके मोठे आहे की व्यवहारात त्याचा दशलक्षांश, म्हणजे मायक्रोफॅरड, वापरावा लागतो. १७४५–४६ मध्ये जर्मनीत क्लाइस्ट आणि हॉलंडमधील लायडन येथे मुशेनब्रुक यांनी स्वतंत्रपणे बनवलेल्या काचेच्या बरणीपासून या उपकरणाचा इतिहास सुरू होतो. धारिता वाढवायची तर पत्र्यांचे क्षेत्रफळ वाढवावे किंवा मधला थर पातळ करावा हे लवकरच कळले, परंतु काच किंवा कागद किती पातळ करता येईल याला मर्यादा होती. ती ओलांडण्याचा मार्ग कारोल पोलाक या पोलिश अभियंत्याने दाखवला आणि १८९६ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला: अॅल्युमिनियमवर विजेच्या साहाय्याने त्याच्याच ऑक्साइडचा थर वाढवायचा आणि तोच विद्युतरोधक म्हणून वापरायचा.

आजच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे तत्त्व हेच आहे. अॅल्युमिनियमच्या वर्खावर रासायनिक क्रियेने सूक्ष्म खड्डे पाडून त्याचे क्षेत्रफळ अनेक पटींनी वाढवतात, त्यावर ऑक्साइडचा थर चढवतात, दुसरा वर्ख आणि मध्ये कागद घेऊन त्यांची गुंडाळी करतात, कागद इलेक्ट्रोलाइट म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या द्रवात भिजवतात आणि सारे अॅल्युमिनियमच्या डबीत घालून तोंड रबरी बुचाने बंद करतात. ऑक्साइडचा थर दर व्होल्टमागे साधारण दीड नॅनोमीटर जाडीचा असतो, म्हणजे ४०० व्होल्टच्या कपॅसिटरमध्येसुद्धा तो एका मायक्रोमीटरहून, अर्थात मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याहून, कमी भरतो. खरा दुसरा ध्रुव तो द्रवच असतो, कारण खड्ड्याखड्ड्यांत शिरून ऑक्साइडला सर्वत्र स्पर्श करणे दुसऱ्या वर्खाला शक्य नसते. हा द्रव या भागाचे बळ आहे आणि त्याचे मरणही. रबरी बुचातून तो अतिशय सावकाश बाष्परूपाने निसटत राहतो.

या भागाकडे बोर्डावर अनेक कामे असतात, पण सर्वांत कष्टाचे काम वीजपुरवठ्याच्या भागात असते. कुवेतमध्ये घरात २४० व्होल्ट, ५० हर्ट्झचा प्रत्यावर्ती प्रवाह येतो, डायोडांचा पूल त्याला एका दिशेचा करतो, परंतु हा प्रवाह सलग न येता सेकंदाला १०० झटक्यांनी येतो आणि त्याचे शिखर सुमारे ३४० व्होल्टपर्यंत जाते. नळाला ठरावीक वेळीच पाणी येत असताना गच्चीवरील टाकी जशी घरातली धार अखंड ठेवते, तसा कपॅसिटर प्रत्येक झटक्याला भरतो आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात पुढील मंडळाला प्रवाह पुरवतो. या सततच्या आवक-जावकीला ‘रिपल’ प्रवाह म्हणतात. कपॅसिटरच्या आतल्या वर्खाला, जोडण्यांना आणि मुख्यतः द्रवाला थोडा विद्युतरोध असतोच; हे सर्व रोध एकत्र धरून, जणू कपॅसिटरशी एकसर जोडलेला एकच रोध आहे असे मानले, तर त्याला समतुल्य एकसर रोध किंवा प्रचलित लघुरूपात ईएसआर म्हणतात. रिपल प्रवाह या रोधातून जाताना उष्णता निर्माण होते, उष्णतेने द्रव कमी होतो, द्रव कमी झाल्याने ईएसआर वाढतो आणि त्यामुळे उष्णता आणखी वाढते. हे चक्र सुरुवातीला वर्षानुवर्षे नजरेत येत नाही आणि शेवटी काही आठवड्यांत पूर्ण होते.

आता आयुष्याचे गणित. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते आऱ्हेनियस यांनी १८८९ साली तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचा जो संबंध मांडला, त्याचे या क्षेत्रातील सोपे रूप असे: तापमान १० अंशांनी उतरले की कपॅसिटरचे आयुष्य दुप्पट होते आणि १० अंशांनी चढले की निम्मे. कपॅसिटरच्या माहितीपत्रकात ‘१०५ अंशांना २००० तास’ असे लिहिलेले असते. वेष्टणावर मात्र बहुधा अंशांचा आकडाच छापलेला असतो. अहमदीतील गच्चीवरच्या पेटीत कपॅसिटरचे अंतर्भागातील तापमान ७५ अंश धरले, तर १०५ पासून ते ३० अंशांनी कमी आहे, म्हणून २००० तासांचे तीनदा दुप्पट होऊन १६,००० तास होतात, म्हणजे अखंड चालणाऱ्या यंत्रात सुमारे २२ महिने. जुलैत कुवेतची दिवसरात्रीची सरासरी ३८ अंशांच्या आसपास आणि पुण्याची २५ अंशांच्या आसपास असते. हा १३ अंशांचा फरक हिशेबात घेतला तर तेच यंत्र, तोच कपॅसिटर, पुण्यातील त्या हवेत जवळजवळ साडेचार वर्षे टिकला असता. याउलट दुकानदाराने त्याच मायक्रोफॅरडचा आणि त्याच व्होल्टचा, पण ८५ अंशांना २००० तासांचा कपॅसिटर हाती दिला, आणि तो स्वस्त असल्यामुळे बसवला गेला, तर अहमदीत त्याचे ४००० तास, म्हणजे साडेपाच महिने होतात. एका उन्हाळ्यात बसवलेला पुढचा उन्हाळा पाहत नाही. १०५ अंशांना ५००० तासांचा घेतला तर तेच आयुष्य साडेचार वर्षांवर जाते, आणि या दोहोंच्या किमतीतील फरक कारागिराच्या एका फेरीच्या मजुरीपुढे नगण्य असतो. हे गणित अंदाजी आहे, आयुष्य संपले याचा अर्थही धारिता ठरावीक प्रमाणात घटली किंवा ईएसआर ठरावीक पट वाढला एवढाच असतो, आणि कमी तापमानाला हिशेबाने वीस-तीस वर्षे आली तरी रबरी बूच तितके टिकत नाही. असे असूनही निवडीसाठी याहून चांगले साधन सामान्य दुरुस्तीकाराजवळ नाही.

कपॅसिटर केवळ उष्णतेनेच मरतात असेही नाही. साधारण १९९९ ते २००७ या काळात जगभरातील संगणकांचे मदरबोर्ड, मॉनिटर आणि वीजपुरवठ्याचे संच फुगलेल्या कपॅसिटरांमुळे बंद पडू लागले, आणि या प्रकाराला कपॅसिटरची साथ असेच म्हटले गेले. ईएसआर कमी राहावा म्हणून द्रवात पाण्याचे प्रमाण वाढवण्याची रीत तेव्हा रूढ होत होती. पाणी अॅल्युमिनियमवर क्रिया करून हायड्रोजन वायू निर्माण करते, म्हणून त्याला आवरणारी रसायने द्रवात मिसळावी लागतात, आणि तैवानमधील काही उत्पादकांच्या द्रवात ती नीट नव्हती. एका जपानी कंपनीचे सूत्र अर्धवट चोरीला गेल्याची कथा २००२ साली उद्योगविषयक नियतकालिकांत आली, पण ती पूर्णपणे सिद्ध झालेली नाही. नामांकित जपानी उत्पादकांचा मालही त्या काळात सर्वस्वी निर्दोष नव्हता. डेल कंपनीने मे २००३ ते जुलै २००५ या काळात विकलेल्या किमान १ कोटी १८ लाख संगणकांना या दोषाचा धोका होता, ही गोष्ट एका खटल्यातील कागदपत्रांतून २०१० साली उघड झाली. त्या काळातील एखादा औद्योगिक संगणक आजही कोठे चालू असेल, तर त्याच्या मदरबोर्डकडे एकदा निरखून पाहणे शहाणपणाचे ठरेल.

निदानाची सुरुवात डोळ्यांनीच होते. चांगल्या कपॅसिटरचा माथा सपाट असतो. त्यावर अधिकच्या चिन्हासारखी किंवा तत्सम खाच पाडलेली असते, आत वायूचा दाब वाढला की स्फोट न होता पत्रा तेथे फाटावा यासाठी. माथा फुगलेला दिसला, खाचेतून तपकिरी खवले आले असले किंवा बूड वर उचलले गेले असले, तर मीटर काढण्याची गरज नाही. कारखान्यात भाग हलू नयेत म्हणून लावलेला पिवळसर गोंद उष्णतेने तपकिरी होतो आणि काही प्रकारचा गोंद त्या अवस्थेत वीज वाहू लागतो व तारा गंजवतो, हे त्याच वेळी पाहून घ्यावे; गळालेला द्रव आणि गोंदाचा डाग यांत पुष्कळदा गल्लत होते. परंतु अनेक कपॅसिटर न फुगताच सुकतात. साध्या मल्टिमीटरवर त्यांची धारिता बरीचशी योग्य दिसते, कारण तो मीटर संथ गतीने मोजतो, आणि बोर्डावरून न काढता मोजल्यास समांतर जोडलेले इतर भागही मापात मिसळतात. म्हणून ईएसआर मीटर वापरावा, जो साधारण १०० किलोहर्ट्झला अत्यल्प व्होल्टेजने मोजतो आणि बोर्डावरच बहुतेक वेळा खरे सांगतो. ओहमच्या शंभराव्या हिश्श्यांत असायला हवा तो आकडा अर्ध्या किंवा एका ओहमवर गेला असेल, तर त्या भागाचे काम संपले असे समजावे.

यात अहमदीची एक गंमत आहे. द्रव थंड झाला की दाट होतो आणि त्याचा रोध वाढतो; म्हणून उन्हाळ्यात सुकत आलेला कपॅसिटर उन्हाळ्यात कसाबसा काम करतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, वाळवंटातील तापमान १० अंशांच्या खाली गेले की, फाटकाच्या मोटारीचा किंवा बाहेरच्या कॅमेऱ्याचा बोर्ड सुरूच होत नाही. केस वाळवण्याच्या यंत्राने गरम हवा दिली की तो सुरू होतो. दोष थंडीत दिसला म्हणून कारण थंडीत शोधले जाते, पण झीज जुलैत झालेली असते.

बोर्डाला हात लावण्यापूर्वी साठलेली वीज उतरवणे आवश्यक आहे, आणि याबाबत कारागीर जितके निष्काळजी असतात तितके दुसऱ्या कशाबाबत नसतात. ३४० व्होल्टवर भरलेल्या ४७० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये सुमारे २७ जूल ऊर्जा असते, इन्व्हर्टर वातानुकूलन यंत्राच्या बोर्डावर असे तीन-चार कपॅसिटर समांतर जोडलेले असू शकतात, आणि प्लग काढल्यानंतरही ते भरलेले राहू शकतात. पेचकसाने दोन पाय जोडून ठिणगी पाडण्याची सर्रास रीत बोर्डालाही घातक असते आणि डोळ्यांनाही. त्याऐवजी दोन-अडीच हजार ओहमचा, जास्त वॅटचा, तारेचा रोधक विद्युतरोधित चिमट्यांनी काही सेकंद दोन्ही पायांना लावावा. ४७० मायक्रोफॅरड आणि २२०० ओहम यांचा गुणाकार जवळजवळ एक सेकंद येतो, आणि अशा पाच सेकंदांत व्होल्टेज एक टक्क्याखाली येते. कपॅसिटर समांतर असतील तर त्यांच्या धारितांची बेरीज होते, म्हणून वेळही त्या पटीने वाढवावा. त्यानंतर मीटरने खात्री करावी, मगच बोट लावावे.

जुना भाग काढणे हे नवा बसवण्यापेक्षा कठीण असते. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आणल्यानंतर बहुतेक बोर्डांवर शिसेविरहित सोल्डर आले. जुने कथील-शिशाचे मिश्रण १८३ अंशांना वितळते, नवे २१७ अंशांच्या पुढे, आणि बहुपदरी बोर्डाच्या पोटातील तांब्याचा सलग पत्रा आयर्नची सारी उष्णता ओढून घेतो. अशा वेळी आयर्नचे तापमान बेसुमार वाढवण्याऐवजी जुन्या सांध्यावर थोडे शिसेयुक्त सोल्डर घालावे, म्हणजे मिश्रण कमी तापमानाला वितळते; सोबत फ्लक्स, म्हणजे धातूवरील ऑक्साइड काढून टाकणारा राळेसारखा पदार्थ, लावावा; मग एक पाय, मग दुसरा असे आलटून पालटून तापवत कपॅसिटर हलकेच डुलवत बाहेर घ्यावा. तो ओढून काढला तर भोकाच्या आतली तांब्याची नळी त्याच्याबरोबर येते आणि बहुपदरी बोर्डात ती पुन्हा बसवता येत नाही. भोक सोल्डर पंपाने किंवा तांब्याच्या विणलेल्या फितीने मोकळे करावे, गळालेला द्रव आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, आणि तांब्याचा मार्ग हिरवा पडला असेल तर तो खरवडून त्याची अखंडता मीटरने तपासावी. नवा कपॅसिटर बसवताना वेष्टणावरील पट्टी ऋण बाजू दाखवते हे लक्षात ठेवावे. बोर्डावरची छायांकित बाजू बहुधा ऋण असते, पण काही मदरबोर्डांवर ही खूण उलट छापलेली आढळते, आणि टँटलम या धातूच्या कपॅसिटरांवर तर पट्टी धन बाजूलाच असते. म्हणून जुना भाग काढण्यापूर्वी छायाचित्र घेणे हाच खात्रीचा उपाय. उलटा बसलेला कपॅसिटर काही सेकंदांत तापून फुटतो.

नवा भाग निवडताना धारिता तीच, व्होल्ट तेच किंवा थोडे अधिक, अंश १०५ किंवा त्याहून अधिक, आणि तास मिळतील तितके जास्त घ्यावेत. शिवाय व्यास, उंची आणि पायांमधील अंतर जुळले पाहिजे, कारण लांब पाय वाकवून आडवा बसवलेला कपॅसिटर कंप्रेसरच्या कंपनांनी तुटतो. धारिता मुद्दाम वाढवण्याचा मोह टाळावा, कारण यंत्र सुरू होताना डायोडांवर येणारा धक्का त्याने वाढतो. ईएसआर कमी असलेला भाग सामान्यतः चांगला, पण काही जुनी नियामक मंडळे ठरावीक रोध गृहीत धरून आखलेली असतात आणि अतिकमी ईएसआरने अस्थिर होतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड काय, पुण्यातील बुधवार पेठेची तपकीर गल्ली काय किंवा आखातातील बाजार काय, खरी अडचण बनावट मालाची आहे. मोठ्या डबीत लहान कपॅसिटर घालून वरून नामांकित कंपनीचे वेष्टण चढवलेले नमुने उघडून पाहिल्यावर सापडले आहेत. त्याच मापाच्या अस्सल भागापेक्षा वजन लक्षणीय कमी भरले तर संशय घ्यावा. महाराष्ट्रातील वाचकाला हेही माहीत असावे की नाशिकमध्ये अल्कॉन इलेक्ट्रॉनिक्ससारखा उद्योग मोठ्या आकाराचे अॅल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बनवतो.

वीज ज्या तारांनी बोर्डात शिरते तेथे आडवा असलेला चौकोनी, बहुधा पिवळा किंवा करडा भाग आणि तारा व जमीन यांच्यामधील निळे गोल भाग हे अनुक्रमे एक्स आणि वाय वर्गाचे सुरक्षा कपॅसिटर असतात. एक्स वर्गाचा कपॅसिटर आग लागणार नाही अशा रीतीने निकामी व्हावा आणि वाय वर्गाच्या कपॅसिटरमुळे माणसाला धक्का बसू नये, अशी त्यांची रचना व चाचणी असते, म्हणून त्यांच्या जागी केवळ मायक्रोफॅरड जुळणारा साधा भाग लावणे हा गुन्हाच मानावा. १२ जून २०२४ रोजी अहमदी प्रांतातील मंगफ येथे कामगारांच्या इमारतीला पहाटे लागलेल्या आगीत सुमारे ५० जणांचा मृत्यू झाला, त्यांत बहुसंख्य भारतीय होते, आणि तळमजल्यावरील शॉर्टसर्किट हे कारण कुवेतच्या अग्निशमन दलाने सांगितले. त्या घटनेचा कपॅसिटरशी संबंध नाही; एकाच खोलीत पाच-सहा माणसे आणि दहा-बारा चार्जर असलेल्या वस्तीत विजेच्या लहानशा दोषाची किंमत केवढी असते, एवढे मात्र तीतून कळते.

गच्चीवरील कामात ज्याच्याशी सर्वाधिक गाठ पडते तो कपॅसिटर मात्र वेगळ्या जातीचा असतो. कंप्रेसरला आणि पंख्याला जोडलेला, दुकानात कंडेन्सर म्हणून मागितला जाणारा हा भाग द्रवाचा नसून पॉलिप्रॉपिलीनच्या पातळ पडद्यावर धातूचा थर देऊन बनवलेला असतो. त्याला धन-ऋण नसते. पडद्यात कोठे छिद्र पडले तर त्याभोवतीचा धातू क्षणात जळून जातो आणि दोष आपोआप बुजतो, परंतु प्रत्येक वेळी क्षेत्रफळ किंचित घटते, आणि ३५ मायक्रोफॅरडचा भाग तीस-एकतीसवर आला की कंप्रेसर गुंगुं करून थांबू लागतो. आंतरराष्ट्रीय मानकात या कपॅसिटरांचे वर्ग तासांनुसार ठरवलेले आहेत: ए वर्ग ३०,००० तास, बी १०,०००, सी ३०००, डी १०००. एप्रिल ते ऑक्टोबर असे सात महिने कंप्रेसर जवळजवळ अखंड चालला, तर वर्षाला सुमारे ५००० तास होतात. म्हणजे बी वर्गाचा भाग दोन उन्हाळ्यांचा आणि सी वर्गाचा एकाच, तोही अपुऱ्या, उन्हाळ्याचा धनी. कुवेतमध्ये १ जून ते ३१ ऑगस्ट या काळात सकाळी ११ ते दुपारी ४ पर्यंत उन्हात काम करण्यास बंदी असते, त्यामुळे दुपारी बंद पडलेले यंत्र संध्याकाळपर्यंत तसेच राहते. मार्चमध्येच प्रत्येक भागाची धारिता मोजून १० टक्क्यांहून अधिक घटलेले भाग बदलून टाकणे, ही येथील शहाणी रीत होय.

तेलउद्योगासारख्या ठिकाणी तर भाग बिघडण्याची वाट पाहणेच परवडत नाही. नियंत्रणकक्षाला अखंड वीज देणारे यूपीएस संच आणि मोटारींचा वेग बदलणारे ड्राइव्ह यांतील मोठे कपॅसिटर, मोजमापात ठीक दिसत असले तरी, उत्पादकाने सांगितलेली वर्षे भरली की बदलतात. मात्र येथे एक उपप्रश्न उभा राहतो: गोदामात पडून राहिलेल्या कपॅसिटरमधील ऑक्साइडचा थर व्होल्टेजअभावी हळूहळू दुर्बळ होतो, आणि गोदाम तापलेले असेल तर अधिकच; असा भाग एकदम पूर्ण व्होल्टेजवर जोडला तर त्यातून गळतीचा मोठा प्रवाह जाऊन तो जागीच फुटू शकतो. म्हणून वर्ष-दोन वर्षांहून अधिक काळ पडून राहिलेल्या ड्राइव्हला, मध्ये रोधक घालून, काही तासांत टप्प्याटप्प्याने व्होल्टेज चढवत नेतात, म्हणजे थर पुन्हा घडतो.

एक कपॅसिटर संपला असेल तर त्याच रेषेवरचे, त्याच वयाचे आणि त्याच उष्णतेत राहिलेले शेजारीही संपत आलेले असतात, म्हणून ते एकाच वेळी बदलावेत. शमाल वाऱ्याने आणलेली धूळ उष्णताशोषक पत्र्यांच्या फटींत घट्ट बसलेली असते आणि पंखा मंदावलेला असतो. ते तसेच ठेवून नवा भाग बसवणे म्हणजे त्याला जुन्याच्याच मार्गाला लावणे. धूळ काढून आतील तापमान १० अंशांनी उतरवता आले, तर नव्या कपॅसिटरचे आयुष्य एक पैसा न खर्चता दुप्पट होते. पेटी बंद करण्यापूर्वी तिच्या आतल्या पत्र्यावर पक्क्या शाईने बदलाचा महिना, वर्ष आणि बसवलेल्या भागाचे अंश व तास लिहून ठेवावेत. पुढच्या कारागिराला हिशेबासाठी लागणारे हे आकडे दुसरीकडे कोठेही मिळणार नाहीत.